पोहे न देणारा कारखाना

टीव्हीवर हल्ली रोज कोणीतरी सांगतं की आता आपल्या देशात सेमीकंडक्टर येणार. मी ऐकते आणि गुडघ्याला तेल चोळत राहते. अहो, येऊन गेलं ते. साताऱ्यात आलं होतं, पत्र्याच्या शेडमध्ये. थोडी वर्षं राहिलं, दमलं आणि गेलं. मी होते तिथे. पण हे घरात सांगायची सोय नाही. नात म्हणते, "आजी, तू डायोड बनवायचीस? तुला रिमोटचे सेल सुद्धा सुलटे घालता येत नाहीत." तिचं बरोबर आहे. सेलचं मला तेव्हाही जमायचं नाही.

त्या शेडचे मालक म्हणजे आमचे साहेब. त्यांचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर त्यांची कोरेगावकडची भाऊबंद मंडळी उद्या चौकशीला माझ्या दारात येतील आणि मला पोहे करावे लागतील. पोह्यांचा आणि साहेबांचा संबंध काय, ते पुढे येईलच.

साहेब चालायचे ते दोन्ही हात छातीपाशी, बोटं फाकवून, नुकतेच हात धुतलेत आणि पंचा मिळत नाही अशा थाटात. कशाला हात लावायचे नाहीत. कोणाच्या हातात हात तर द्यायचेच नाहीत. एकदा बँकेचे मोठे अधिकारी आले, त्यांनी हौसेने हात पुढे केला. साहेबांनी लांबूनच नमस्कार केला आणि म्हणाले, "राग मानू नका. हाताला मीठ असतं." ते गृहस्थ परत जाईपर्यंत स्वतःच्या तळव्याकडे बघत होते.

मीठ हे साहेबांचं वैर. आम्ही बनवायचो तो डायोड म्हणजे तिळाएवढा सिलिकॉनचा तुकडा, त्याला दोन बाजूंनी तारा आणि वर काळं कवच. वीज एका बाजूने जाऊ द्यायची, माघारी येऊ द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. घरच्या विजेवर चालणाऱ्या रेडिओत तो लागतोच. पण कवच चढण्याआधी बोटाच्या घामातलं मीठ त्या तुकड्याला लागलं तर तो वरून छान दिसतो आणि आतून गळतो. म्हणून कोणी हात लावायच्या बेतात आहे असं दिसलं की शेडच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज यायचा, "मीठ." दिवसभर तेच. मीठ, मीठ. पुढे लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सासूबाई ताटावरून "मीठ" म्हणाल्या, तर मी दोन्ही हात वर केले. सून जरा कमी आहे असा त्यांचा तेव्हा झालेला समज शेवटपर्यंत टिकला.

मला नोकरीवर घेतलं त्याची हकिगत मी पुष्कळ वर्षं वेगळी सांगत असे. बी.एस्सी. फिजिक्स, सेकंड क्लास, सबंध जिल्ह्यात फिजिक्स मला एकटीलाच कळतं असा चेहरा, आणि अंगावर भावाने मुंबईहून आणलेली टेरिलीनची साडी. पुस्तकातलं अख्खं प्रकरण पाठ करून गेले होते. साहेबांनी काही विचारलंच नाही. टेबलावरची काचेची पट्टी चिमट्याने पुढे सरकवली आणि म्हणाले, "धर." मी धरली. थोड्या वेळाने त्यांनी ती चिमट्यानेच काढून घेतली, खिडकीच्या उजेडात तिरकी करून बघितली आणि म्हणाले, "सोमवारपासून ये." मी घरी येऊन आईला सांगितलं की माझं ज्ञान चेहऱ्यावरच दिसतं, प्रश्न विचारायची वेळच आली नाही. महिन्याभराने आक्काने खरं काय ते सांगितलं. माझ्या आधी आलेल्या मुलींच्या हाताला घाम होता, माझ्या नव्हता. बस. कोरडे तळहात एवढीच माझी पदवी. "शिकल्याली नसतीस तरी चाललं असतं," आक्का म्हणाली, "उलट कमी बोलली असतीस."

आक्का ही आमच्या नऊजणींतली थोरली. मिरजेकडची, कोरेगावच्या बाजूच्या गावात दिलेली. कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू आणि बोलणं त्याहून ठसठशीत. तिच्या कुंकवावरूनच कारखाना सुरू होण्याआधी बंद पडायची वेळ आली होती. आतल्या खोलीत, जिथे सिलिकॉन धुवायचं काम चाले, तिथे जायचं तर धूळ नको, पावडर नको, गजरा नको, असं साहेब म्हणाले. मुलींनी ऐकलं. मग म्हणाले, सुकं कुंकू नको, ते झडतं. सगळ्या जागच्या जागी थांबल्या.

"कपाळ पुसून कामाला बसायचं व्हय?" आक्का म्हणाली. "सायब, माझा मालक जित्ता हाय. मिल्ट्रीत हाय."

साहेबांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ते आक्काच्या सासूला भेटायला गावी गेले, आणि मला बरोबर घेतलं, कारण शास्त्र समजावून सांगायला कोणीतरी शिकलेलं हवं. म्हातारी पडवीत घेवडा निवडत बसली होती. मी घसा साफ करून अणू-रेणूंपासून सुरुवात केली. म्हातारीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि साहेबांना विचारलं, "ही कोण? कीर्तनाला आलीय काय?"

मग साहेब खाली बसले. मुंबईची नोकरी सोडून आलेला इंजिनिअर माणूस, पण जमिनीवर बसला की बोली आपसूक बदलायची.

"मावशी, माझ्याकडं एक खोली हाय. तिथं धूळ गेली, घाम लागला, की माल नासतो."

"नासतो म्हंजे? दुधावानी?"

"व्हय. पर वरनं कळत न्हाई. आतनं नासतो."

"मग?"

"मग आंगूळ करून, धुतल्यालं नेसून आत जायाचं. कशाला हात लावायचा न्हाई."

म्हातारीने शेंगा खाली ठेवल्या. "मग सोवळं म्हना की सरळ. एवढं शिकून बोलाया येत न्हाई व्हय तुमास्नी?" आणि आतल्या अंगाला तोंड करून सुनेला म्हणाली, "ए, देवीच्या निवदाला आपन वलं गंध लावतो न्हवं? तेच लावून जा उद्यापासनं."

झालं. त्या दिवसापासून ती सोवळ्याची खोली. निघताना म्हातारीने विचारलं, "आन ते करतं काय, एवढं सोवळं पाळून?" साहेब म्हणाले, वीज एका अंगाने जाऊ देतं, माघारी फिरू देत नाही. म्हातारीने सुनेकडे बघितलं. "येक आमच्या हिच्यात बसवा. पंचमीला माह्यारला जाती ती दिवाळीशिवाय फिरत न्हाई."

तर माल चांगला होता. घेणारा नव्हता. सातारा, कराड, सांगलीचे दुकानदार मूठ मूठ घेत, त्यात आमचे पगार कसेबसे निघत, पुढचं सिलिकॉन येत नसे. एखाद्या मोठ्या रेडिओ कंपनीने वर्षाचा माल आमच्याकडून घ्यायचं ठरवलं तर शेड चालणार होती, नाहीतर कुलूप. हे सगळ्यांना ठाऊक होतं. गेटवरच्या हवालदारांना सुद्धा. ते फौजेतून निवृत्त झालेले, आणि कारखाना ही चौकी समजून राहणारे.

आता असे दुसरे छोटे कारखानदार होते, ते काय करत? मुंबईला जात, मोठ्या कंपनीच्या बाहेरच्या बाकावर बसत, पिशवीतून नमुने काढून दाखवत. साहेब जायचे नाहीत. त्यांची विचारसरणीच निराळी होती, आणि दुर्दैवाने ती त्यांना माझ्यावरून सुचली होती.

माझी तेव्हा लग्नं ठरत होती. म्हणजे ठरत नव्हती. रविवारी मंडळी येत, मी पोहे देत असे, ते पोहे खात, मुलगा छताकडे बघत असे, आणि निघताना त्याचे काका चप्पल घालता घालता म्हणत, "कळवतो." कळवतो म्हणजे नाही. आमच्या आळीत पोरासोरांनाही हे ठाऊक होतं. सोमवारी साहेब विचारत, "पोहे दिलेस?"

"दिले."

"काय म्हणाले?"

"कळवतो."

साहेब मान हलवत. असे पुष्कळ सोमवार झाले. मग एके दिवशी त्यांनी आम्हाला सगळ्यांना बाहेर बोलावलं आणि कंपनीचं धोरण जाहीर केलं. "लहान कारखाना आणि मोठी कंपनी, हा बघण्याचा कार्यक्रम आहे. ज्याच्या घरी पोहे होतात तो मुलीकडचा, आणि त्याला शेवटी 'कळवतो' ऐकावं लागतं. आपण मुलीकडचे व्हायचं नाही. कोणाच्या दारात जायचं नाही. कोणी आलं तर उठायचं नाही. आणि पोहे तर बिलकुल द्यायचे नाहीत."

मी शहाणी. मी म्हटलं, "पण साहेब, मुलाकडचेच मुलीकडे येतात. म्हणजे आपल्याकडे जो येईल तो मुलाकडचाच झाला."

साहेब विचारात पडले.  तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "म्हणूनच पोहे नाहीत. पोहे नसले की तो बघण्याचा कार्यक्रम होत नाही. ते नुसते आलेले होतात."

  मला ते इतकं पटलं की पुढच्या रविवारी मी आईला सांगितलं, मी पोहे करणार नाही. आईने कपाळावर हात मारला. आलेल्या मंडळींना नुसतं पाणी दिलं. त्यातला मुलगा पुढे माझा नवरा झाला. मी बरीच वर्षं समजत होते की साहेबांच्या धोरणाचा हा एकमेव विजय. नंतर कळलं की ह्यांना पोहे आवडतच नाहीत, आणि सहा घरचे खाऊन झाल्यावर आमच्याकडे सुटका झाली म्हणून ते खूश होते.

पुण्याची एक कंपनी आली होती माणसं पाठवून. तेही धोरणाप्रमाणे पार पडलं. ते आले, आम्ही उठलो नाही, पाणी दिलं, डायोड दाखवले. साताऱ्याच्या पोवई नाक्यावरून येताना त्यांनी काही खाल्लं नव्हतं हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आक्का पदराशी चाळा करत उभी होती, तिला ते बघवत नव्हतं. त्यांनी घड्याळ बघितलं, छान आहे म्हणाले आणि गेले. साहेबांनी त्या सकाळी पेढ्यांचा पुडा आणून कपाटात ठेवला होता, ठरलं की वाटायला. नाही ठरलं. दोन दिवसांनी पेढ्यांना वास येईल म्हणून आम्हीच खाल्ले. मग प्रत्येक वेळी तसंच. कोणी येणार असलं की पुडा यायचा, ते गेले की आम्ही गप्प बसून पेढे खायचो. आमच्या कारखान्यात तोंड गोड झालं की समजावं, काम झालं नाही. त्या पेढ्यांची किंचित आंबूस चव मला अजून आठवते. हल्ली कोणी पास झालं म्हणून पेढा दिला तरी मला आधी थकवा येतो.

बोलावून कोणी थांबत नाही असं दिसल्यावर साहेबांनी दुसरी युक्ती काढली. आमच्या भागात उसाला पाणी सोडायच्या वेळी सगळे पंप एकदम सुरू व्हायचे आणि घरातला बल्ब काजव्यासारखा व्हायचा. पंप एकदम बंद झाले की वीज उसळी मारायची, आणि रेडिओतला डायोड जळायचा. मोठ्या कंपन्यांचे डायोड मुंबईच्या विजेला बनवलेले. साहेबांचा डायोड कोरेगावच्या. तेव्हा साहेबांनी ठरवलं की सातारा-सांगलीतल्या रेडिओंमध्ये आपला डायोड फुकट बसवायचा. विशेषतः एका मोठ्या मुंबईच्या कंपनीच्या रेडिओंत. "इथले त्यांचे सेट बिघडायचे थांबले," ते म्हणाले, "की त्यांना चुकल्यासारखं होईल. मग येतील शोधत."

आठवड्याच्या बाजाराला आम्ही टेबल मांडायला लागलो. कधी कोरेगावात, कधी वडूजला. साहेब हातात सोल्डरची कांडी घेऊन बसायचे, मी डायोडची डबी धरून, आणि हवालदार फौजी आवाजात पुकारायचे, "आओ, रेडिओ लाओ. एकदम फ्री. लाईन से आओ." पहिल्यांदा कोणी येईना. फुकट म्हटल्यावर माणसं घाबरतात. एक धनगर म्हातारा डोक्याला मुंडासं, काखेत रेडिओ घेऊन लांब उभा राहिला.

"बिघडला हाय का?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई."

"मग आण की. बदलून देतो आतलं."

"चांगला चालतोय त्यो. तुमी कशापायी बदलताय?"

"पुढं बिघडू नये म्हणून."

म्हाताऱ्याने रेडिओ दुसऱ्या काखेत घेतला. "तुमचं घरचं बरं हाय नव्हं?" त्याने विचारलं, काळजीने.

मी टेरिलीनच्या साडीत मान खाली घालून बसले होते, कारण समोर भाजी घेत उभी असलेली बाई मागे पोहे खाऊन गेलेल्या एका मुलाची आत्या होती. तिने मला बघितलं. बाजारात रेडिओवाल्याबरोबर बसलेली. मला वाटलं आता जगायचं कशाला. आज वाटतं, काय मूर्ख पोर होती. त्या आत्याकडच्यांचं 'कळवतो' आधीच सांगून झालं होतं, आणखी काय जाणार होतं माझं?

मोसमभर आम्ही हे केलं. उन्हात बसून बसून साहेबांची मान काळी पडली. संध्याकाळी एसटीत ते खिडकीला डोकं टेकून झोपायचे, हात मात्र झोपेतही छातीपाशी, कशाला न लागलेले. मधेच जागे होऊन म्हणायचे, "मोठा माणूस येतो. त्याला यायला वेळ लागतो." मग पुन्हा झोप.

आणि तो आला. खरंच आला. इथल्या विक्रेत्याने मुंबईला तक्रार केली की सातारा जिल्ह्यातले तुमचे सेट दुरुस्तीला येईनासे झालेत, कोणीतरी परका माल घालतंय. एके दुपारी धुळीने माखलेली मोटार गेटात शिरली आणि तीतून रागाने लाल झालेला माणूस उतरला. टाय लावलेला. आम्ही त्यांना मुंबईकर म्हणू लागलो.

"आमच्या सेटला हात लावायचा अधिकार कोणी दिला तुम्हाला?" मुंबईकर दारातूनच म्हणाले.

साहेब खुर्चीत बसून राहिले. धोरण म्हणजे धोरण. पण कान हलत होते. आनंद झाला की त्यांचे कान हलायचे. "बिघडला का एखादा?" त्यांनी विचारलं.

"प्रश्न तो नाही."

"बिघडला का?"

मुंबईकरांनी टाय सैल केला. मग म्हणाले, "दाखवा काय घालताय ते. कुठे बनवता?"

"आत. पण तसं जाता येणार नाही." साहेबांनी त्यांच्या बुटांकडे, मग टायकडे, मग घामाने ओल्या मानेकडे बघितलं. "आंघोळ करावी लागेल."

मला वाटलं आता हा माणूस पोलीस बोलावणार. पण रस्त्याची धूळ आणि ऊन यांनी तो इतका शिणला होता, की हवालदारांनी "सर, गरम पानी रेडी है" म्हणून बंबाकडे हात केला तेव्हा तो निमूट गेला. मागच्या न्हाणीघरातून बराच वेळ तांब्याचा आवाज येत राहिला. मग साहेबांचं पांढरं धोतर आणि बंडी घालून, केस ओले, राग कुठेतरी वाहून गेलेला, असा एक साधा माणूस बाहेर आला. भूक लागलेला.

आक्का पुढे झाली. साहेबांनी नुसत्या डोळ्यांनी सांगितलं, पोहे नाहीत.

"पोहे न्हाईत, सायब," आक्का म्हणाली. "भाकरी हाय. आपल्या दारात न्हालेला मानूस उपाशी ठिवायचा, आमच्यात न्हाई चालत."

नऊजणींचे डबे सुटले. भाकरी, पिठलं, घेवड्याची आमटी, ठेचा. मुंबईकर मांडी घालून जेवले. जेवताना त्यांनी टेरिलीनच्या साडीबद्दल मला काहीही विचारलं नाही, हे मी त्या दिवशी मनाला लावून घेतलं होतं. मग पुन्हा हात धुऊन सोवळ्याच्या खोलीत गेले. आणि आता ते जेवलेले पाहुणे. जेवलेल्या पाहुण्यापासून काय लपवणार? किती पाणी, कितीदा धुवायचं, भट्टी किती तापवायची, पंप बंद व्हायच्या वेळेला डायोड लायनीवर लावून कसे पारखायचे, त्यांनी विचारावं आणि मुलींनी सांगावं. साहेब दारात उभे होते. एकदाही "मीठ" म्हणाले नाहीत.

निघताना मुंबईकर मनापासून म्हणाले, "माल उत्तम आहे. तुम्ही मुंबईला या, वरच्यांशी बोलून टाकू."

"आम्ही येत नाही," साहेब म्हणाले. "तुम्ही पुन्हा या."

मोटार गेली. साहेबांनी लगेच हवालदारांकडून पेढे मागवले. ते आम्ही चार दिवस उघडले नाहीत. चार दिवसांनी उघडले.

मग वाट बघणं. ह्याच्याइतकं दमवणारं काम मी पुढे आयुष्यात केलं नाही, आणि मी तीन पोरं वाढवली आहेत. साहेबांनी खुर्ची गेटजवळ नेऊन ठेवली. महामार्गाकडून मोटार वळली की त्यांचे कान हलायचे, ती पुढच्या साबणाच्या कारखान्यात गेली की थांबायचे. सिलिकॉन संपत आलं. दोघी-तिघी दुपारीच घरी जाऊ लागल्या, काम नाही म्हणून. पावसाळा झाला, ऊस तुटायला आला, पंप सुरू झाले, बंद झाले. कोणाचे रेडिओ बिघडले नाहीत. कोणी आलं नाही.

शेवटी आक्काच गेटजवळ गेली. मी मागे होते.

"सायब, आता तुमी जावा."

"धोरण काय आहे आपलं, आक्का?"

"ऱ्हाऊ द्या त्ये धोरण. आमी नऊ पोरी हाय तुमच्या. पोरींच्या बापानं बसून न्हाई चालत. मुलाकडचं मुलाकडचं म्हनून किती दिस बसायचं? मुलगा हाय कुटं आपल्याकडं?"

 साहेब उठले, खुर्ची उचलून आत नेली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने मुंबईला गेले, पेढ्यांचा पुडा घेऊन.

कारखाना पुढच्या वर्षी बंद झाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. त्या शेडमध्ये नंतर कोणी बिस्किटं करायचं, मग कोणी पत्र्याचे डबे. मोठ्या कंपन्यांना बाहेरून स्वस्त माल मिळायला लागला, आमच्यासारखे अनेक मिटले. मुली आपापल्या घरी गेल्या. आक्का पुढे गावात पिठाची गिरणी चालवायची, आणि पीठ गरम असताना कोणी हात घातला तर म्हणायची, "मीठ." साहेब कोरेगावात रेडिओ, मग टीव्ही दुरुस्त करत. मी एकदा मुलांना घेऊन गेले होते. थोरल्याने त्यांच्या पाया पडण्यासाठी हात पुढे केला तर त्यांनी पाय मागे घेतले. मुलगा गोंधळला. मी त्याला म्हटलं, "राहू दे. लांबूनच कर."

पण मला साहेब आठवतात ते मुंबईहून परत आले त्या दुपारचे. एसटीतून उतरून चालत आले, पेढ्यांचा पुडा तसाच काखेत, सुतळी न सोडलेली. थेट मागे गेले, हातपाय धुतले, येऊन आमच्या मध्ये खाली बसले. जमिनीवर. आम्ही कामाच्या पाटांवर बसून होतो, समोर काम नव्हतं.

"काय झालं, सायब?" आक्काने विचारलं.

"पोहे दिले त्यांनी."

 दारातून हवालदार हळूच म्हणाले, "मग आपुन मुलाकडचे झालो, सर."

साहेबांनी मान हलवली. "डायोड पसंत आहे. मीही पसंत आहे. त्यांची सोवळ्याची खोली केवढी आहे, हवा गाळून सोडतात आत. तिथं मला बसवणार म्हणाले. मोठी खुर्ची आहे." ते स्वतःच्या बोटांकडे बघत होते. "मी तुमचं विचारलं. नऊजणींचं. ते म्हणाले, मुली इकडं पुष्कळ मिळतात."

"मग तुमी काय म्हनला?"

"चप्पल घातली," साहेब म्हणाले, "आणि म्हटलं, कळवतो."

आक्काने पदर तोंडाला लावला. हसली की काय ते मला दिसलं नाही. मी तर हसलेच, आणि मग माझ्या लक्षात आलं की माझी मुंबईची नोकरीही त्याच 'कळवतो'त गेली. महिनाभर आधीपासून मी मनातल्या मनात दादरला खोली बघत होते. बी.एस्सी. ना मी.

आक्काने पुडा ओढून घेतला, सुतळी सोडली आणि एकेकीच्या हातावर पेढा ठेवत गेली. साहेबांच्याही ठेवला. त्यांनी तो हातात घेतला. चिमटा न मागता, नुसत्या बोटांनी.

"कसे व्हते पोहे?" तिने विचारलं.

साहेबांनी पेढा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला, आणि भिंतीला पाठ टेकून डोळे मिटले.

"मीठ जास्त होतं," ते म्हणाले.